पहिल्या शर्यतीत नंबर कशाला?

डिसेंबर-जानेवारी उजाडला की गावोगावच्या चौकांत फलक लागतात : ‘भव्य मिनी मॅरेथॉन स्पर्धा. अंतर ५ किलोमीटर. पहिल्या तिघांना रोख बक्षीस व चषक.’ मॅरेथॉन हे ४२.१९५ किलोमीटर अंतराच्या एका ठरावीक शर्यतीचे नाव आहे. पाच किलोमीटरला मिनी मॅरेथॉन म्हणायचे, तर घरामागच्या टेकडीलाही मिनी एव्हरेस्ट म्हणायला हरकत नाही. पण ते असो.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी अशा शर्यतीत भाग घेतला असेल, किंवा या वर्षी प्रथमच घेणार असाल. पुढे काय होते ते मी अनेक वर्षे रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहत आलो आहे. शिट्टी वाजते. शे-दीडशे मुले सुसाट सुटतात. पहिल्या चारशे-पाचशे मीटरांतच निम्मी मुले कमरेवर हात ठेवून चालू लागतात, काहींच्या बरगडीखाली कळ येते, काही सरळ रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसतात. तिघांना चषक मिळतात. उरलेल्यांपैकी कित्येक जण घरी जाताना मनाशी एक निष्कर्ष काढतात : ‘पळणे हे आपले काम नव्हे.’ आणि पुढे जन्मभर ते पळत नाहीत.

माझे म्हणणे असे, की त्यांचा निष्कर्ष चुकला, कारण प्रयोगच चुकीचा मांडला होता. लंबकाला वाटेल तसा हिसडा देऊन एखाद्याने दोलनकाल मोजला आणि उत्तर भलतेच आले, तर आपण दोष लंबकाला देत नाही. पहिली शर्यत हा स्वतःच्या शरीरावरचा प्रयोग समजावा. त्यात शोधायचे ते एकच : कोणता वेग मला शेवटपर्यंत टिकवता येतो? कितवा नंबर आला या प्रश्नाला पहिल्या वेळी काही अर्थ नाही.

आधी वेगाचे पाहू. शाळेच्या क्रीडामहोत्सवात तुम्ही शंभर मीटर पळता. पाच किलोमीटर म्हणजे तेच पन्नास वेळा, अशी समजूत असते. आता हे उदाहरण पाहा. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी २०२० साली दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनमध्ये २१.०९७५ किलोमीटर अंतर १ तास ३० सेकंदांत पार केले. म्हणजे ३६३० सेकंद. भागाकार करा : प्रत्येक शंभर मीटरला सुमारे १७.२ सेकंद. तुमच्या वर्गातील चपळ मुले-मुली शंभर मीटर इतक्या वेळात सहज पळतात! फरक इतकाच, की साबळे यांनी तो वेग एकामागून एक दोनशे अकरा वेळा टिकवला. लांब पल्ल्याच्या धावण्यात कसोटी लागते ती इथे.

मग आपण सुरुवातीला सुसाट का सुटतो? कारण सुरुवात सोपी वाटते. ती का सोपी वाटते हे समजून घेण्यासारखे आहे. पळू लागताच स्नायूंची ऊर्जेची मागणी एकदम वाढते. हृदय आणि फुफ्फुसे यांना मात्र त्या मागणीशी जुळवून घ्यायला दोन-तीन मिनिटे लागतात. तोपर्यंतची तूट स्नायू प्राणवायूविना मिळणाऱ्या ऊर्जेने भरून काढतात. इंग्लंडमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी या तुटीला ‘प्राणवायूचे कर्ज’ असे नाव दिले होते. स्नायूंत उष्णता कशी निर्माण होते यावरील संशोधनासाठी त्यांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते ओटो मायरहोफ यांच्याबरोबर विभागून होते. आज शास्त्रज्ञ हा हिशेब इतका सरळ मानत नाहीत. थकव्याचा गुन्हेगार म्हणून ज्या लॅक्टिक आम्लाकडे पूर्वी बोट दाखवत, त्यापासूनचे लॅक्टेट हृदय आणि स्नायू इंधन म्हणूनही वापरतात, हे आता कळले आहे. पण धावणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट बदललेली नाही : पहिली दोन मिनिटे उधारीवर चालतात, आणि उधारीवर चाललेले असताना आपण श्रीमंत आहोत असे वाटत असते.

हिल यांची आणखी एक हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही. १९२७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी धावपटूंच्या अंगावर चुंबकीय पोलादाची पट्टी बांधली आणि धावपट्टीच्या कडेने ठरावीक अंतरांवर तारेची वेटोळी ठेवली. धावपटू वेटोळ्याजवळून गेला की तारेत क्षणभर विद्युतप्रवाह निर्माण होई आणि गॅल्व्हानोमीटरवर त्याची नोंद होई. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या धड्यात शिकता तोच हा फॅरडेचा नियम. या नोंदींतून दिसले, की अगदी छोट्या शर्यतीतही वेग शेवटपर्यंत वाढत जात नाही. काही सेकंदांत तो कमाल पातळी गाठतो आणि मग उतरू लागतो. शंभर मीटरांत जर उतार लागतो, तर पाच किलोमीटरांत काय होईल?

आता एक जुने गणित. एक माणूस अर्धे अंतर ताशी १२ किलोमीटर वेगाने गेला आणि उरलेले अर्धे ताशी ८ किलोमीटरने. त्याचा सरासरी वेग किती? घाईत असलेला विद्यार्थी १० म्हणतो. पाच किलोमीटरवर करून पाहा. पहिल्या अडीच किलोमीटरला साडेबारा मिनिटे, दुसऱ्या अडीचला १८ मिनिटे ४५ सेकंद. एकूण ३१ मिनिटे १५ सेकंद. सरासरी ताशी ९.६ किलोमीटर. तोच माणूस पहिल्यापासून ताशी १० किलोमीटरने पळाला असता तर बरोबर तीस मिनिटांत पोहोचला असता. जोरात पळून जेवढा वेळ वाचतो, त्यापेक्षा सावकाश पळताना जास्त जातो. कारण सावकाश पळताना आपण रस्त्यावर जास्त वेळ असतो. शरीरशास्त्राचा एक शब्दही न काढता हे सव्वा मिनिट नुसत्या अंकगणिताने आपल्या पदरात घातले.

१९७३ साली जोसेफ केलर या अमेरिकी गणितज्ञाने हा प्रश्न न्यूटनच्या गतिनियमांच्या आधारे सोडवला. धावपटू जास्तीत जास्त किती बल लावू शकतो, त्याला विरोध किती होतो, सुरुवातीला त्याच्याजवळ ऊर्जेचा साठा किती असतो आणि प्राणवायूमुळे ती दर सेकंदाला किती मिळत राहते, अशा मोजक्या राशी त्याने घेतल्या आणि कमीत कमी वेळात अंतर कापायचे तर वेग कसा ठेवावा हे गणिताने काढले. उत्तर असे आले : अंतर २९१ मीटरांपेक्षा कमी असेल तर सारा जोर लावून पळा. त्याहून जास्त असेल तर सुरुवातीचे आणि अगदी शेवटचे एक-दोन सेकंद सोडून सगळा वेळ एकच वेग ठेवा. नंतरच्या संशोधकांनी या गणितात सुधारणा केल्या आहेत, आणि चांगले धावपटू शेवटच्या टप्प्यात वेग वाढवतात हेही आपण पाहतोच. परंतु पहिल्यांदा पळणाऱ्याला केलरचे उत्तर पुरेसे आहे.

म्हणून रस्त्याच्या कडेने ‘जीव तोडून पळ रे!’ असे ओरडणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे, की पहिल्या किलोमीटरला तरी असे ओरडू नका. जिद्द चौथ्या किलोमीटरला लागते. तोपर्यंत ती शिल्लक राहू द्या.

तुमचा वेग कोणता हे कसे ओळखायचे? त्याला उपकरण लागत नाही. शेजारच्या मित्राशी पळता पळता एखादे छोटे वाक्य बोलता आले पाहिजे. नुसते ‘हं’ एवढेच निघत असेल तर वेग जास्त आहे. शर्यतीपूर्वी पाच-सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, थोडे पळणे व थोडे चालणे असा सराव करा आणि हळूहळू चालण्याचा वाटा कमी करा. समजा, सरावावरून तुम्हाला किलोमीटरला सात मिनिटे लागतील असे वाटते. मग पाच किलोमीटरला पस्तीस मिनिटे. पहिला किलोमीटर सव्वासात मिनिटांत झाला तर काळजी करू नका. साडेसहात झाला तर काळजी करा. मध्ये चालावे लागले तर चाला, त्यात लाज नाही. ताशी सहा किलोमीटरने झपझप चालणाराही पन्नास मिनिटांत पोहोचतो. अंगात ताप असेल तर मात्र त्या दिवशी पळायचे नाही, आणि छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथल्या तिथे थांबून मोठ्या माणसाला सांगायचे. या दोन बाबतींत जिद्द नको.

आयोजकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती उष्णतेची. सपाट रस्त्यावर पळताना साधारणपणे दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. पन्नास किलो वजनाचा विद्यार्थी पाच किलोमीटरांत २५० किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ १०५० किलोजूल ऊर्जा खर्च करतो. तिचे अखेर बहुतेक सगळे रूपांतर उष्णतेत होते. शरीराची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमला सुमारे ३.५ किलोजूल धरली, तर त्या विद्यार्थ्याचे तापमान एक अंशाने वाढायला १७५ किलोजूल लागतात. ही सारी उष्णता अंगातच राहिली तर ताप किती चढेल? सहा अंश सेल्सिअस! तो चढत नाही याचे श्रेय मुख्यतः घामाला. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोजूल उष्णता घेऊन जातो, म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे ग्रॅम घाम वाळला पाहिजे. ‘वाळला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कोकणातल्या दमट हवेत घाम धारांनी वाहतो, जमिनीवर ठिबकतो. तो ठिबकलेला घाम अंग थंड करत नाही. तेव्हा प्रमुख पाहुणे येईपर्यंत मुलांना साडेनऊच्या उन्हात ताटकळत ठेवायचे आणि मग पळवायचे, ही पद्धत बंद झाली पाहिजे. शर्यत उजाडताच सुरू करावी. पाहुण्यांनी भाषण नंतर करावे.

आता अंतराविषयी. माझी खरी तक्रार इथे आहे. आमच्या तालुक्याच्या गावी एका मंडळाच्या शर्यतीचा ‘पाच किलोमीटर’चा रस्ता मी आणि अकरावीच्या चार विद्यार्थ्यांनी सायकलने मोजला. तो भरला ४ किलोमीटर ६२० मीटर. मंडळींना सांगितले तर उत्तर मिळाले, ‘सर, मुलांनी पळायचे महत्त्वाचे. थोडे इकडेतिकडे चालायचेच.’ दुकानदाराने किलोभर साखरेला ९२४ ग्रॅम दिली तर हेच लोक चालायचेच म्हणतील काय? प्रमाण तेच आहे.

आणि यात नुकसान कोणाचे होते ते पाहा. नववीतली एक मुलगी त्या रस्त्यावर तीस मिनिटांत पळाली. किलोमीटरला सहा मिनिटे, असा हिशेब करून ती हरखून गेली. पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या गावी, नीट मोजलेल्या पाच किलोमीटरवर पळाली आणि तिला साडेबत्तीस मिनिटे लागली. ती रडकुंडीला आली. आपण इतका सराव केला आणि उलट मंदावलो, असे तिला वाटले. वास्तविक पहिल्या शर्यतीत तिचा वेग किलोमीटरला साडेसहा मिनिटे होता, आणि दुसऱ्या शर्यतीतही साडेसहाच. ती मुळीच मंदावली नव्हती. चुकीच्या मोजमापाने तिच्या मेहनतीबद्दल तिला खोटी साक्ष दिली. भागाकार मांडून दाखवल्यावर तिचा चेहरा उजळला, पण तो मांडून दाखवणारा प्रत्येक गावात भेटेलच असे नाही.

असे मोठ्या शहरांतही होते. इंग्लंडमधील मँचेस्टरची मॅरेथॉन २०१३, २०१४ आणि २०१५ अशी तीन वर्षे ३८० मीटरांनी कमी होती, हे २०१६ मध्ये जाहीर झाले. २०२१ साली ब्रायटनची मॅरेथॉन ५६८ मीटरांनी जास्त भरली. चूक कोणाकडूनही होते. तिथे ती मोजून पाहिली गेली आणि जाहीर सांगितली गेली, एवढे आपण घ्यावे.

रस्ता मोजण्याची जगन्मान्य रीत आजही सायकलचीच आहे. १९७१ साली अमेरिकेत अ‍ॅलन जोन्स आणि त्यांचा मुलगा क्लेन यांनी सायकलच्या पुढच्या चाकाला लावायचे एक गणकयंत्र तयार केले. चाकाच्या एका फेरीचेही लहान भाग ते मोजते. तुमच्या शाळेला त्यावाचून भागवता येईल. चाकाच्या व्हॉल्व्हजवळ रंगीत फीत बांधा आणि फेऱ्या मोजा. परीघ समजा २.१० मीटर आहे. पाच किलोमीटरला सुमारे २३८१ फेऱ्या होतील. इथे एक सापळा आहे. परीघ मोजताना एक सेंटिमीटरची चूक झाली तर तीच चूक २३८१ वेळा बेरजेत येते, म्हणजे जवळजवळ २४ मीटर. या चुका एकमेकींना खोडत नाहीत, कारण त्या सगळ्या एकाच दिशेच्या असतात. म्हणून परीघ एका फेरीवरून काढू नये. पोलादी फितीने सरळ रस्त्यावर शंभर मीटर, जमल्यास तीनशे मीटर अंतर आखून घ्यावे आणि तेवढ्यात किती फेऱ्या होतात ते, त्याच स्वाराला बसवून, चार वेळा मोजावे. रस्ता मोजून झाल्यावर ही तपासणी पुन्हा करावी. उन्हाने टायरमधली हवा तापते, तिचा दाब वाढतो आणि परीघ किंचित बदलतो. सकाळचे माप दुपारी तेच येत नाही, हे तुमच्या लक्षात येईल. वळणावर धावणारा आतून जाणारच, म्हणून मोजतानाही आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून जायचे. आणि अखेर दर किलोमीटरला एक मीटर अंतर जादा धरायचे. रस्ता कमी मात्र भरता कामा नये.

‘सर, मोबाइलमध्ये सगळे कळते की!’ असे तुम्ही म्हणाल. मोबाइल उपग्रहांच्या संदेशांवरून आपले स्थान ठरवतो आणि प्रत्येक स्थानात काही मीटरांची चूक असू शकते. चुकलेले बिंदू जोडले की सरळ रस्त्याची नागमोडी रेघ होते, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांब असते. मोबाइल खिशात असू द्या, पण पंच म्हणून नेमू नका.

मुलग्यांना पाच किलोमीटर आणि मुलींना तीन, अशी विभागणी अजून पुष्कळ ठिकाणी दिसते. तिला शास्त्रीय आधार नाही. १९२८च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटर शर्यत झाल्यावर ती त्यांना झेपणारी नाही असे ठरवून जी बंद केली, ती १९६० पर्यंत बंद राहिली. १९८४ पासून स्त्रिया ऑलिंपिकमध्ये पूर्ण मॅरेथॉन पळत आहेत. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर यांनी २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. तेव्हा अंतर सर्वांना एकच ठेवावे.

उरले बक्षिसांचे. बक्षिसे जरूर द्या, पण प्रत्येक धावणाऱ्याला त्याची वेळ लिहून द्या, अगदी शेवटून पहिला आला तरी. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये तेरा जण पाच किलोमीटर पळायला जमले. त्यातून ‘पार्करन’ नावाचा उपक्रम वाढला आणि अनेक देशांत पसरला. तिथे शुल्क नाही, चषक नाही. प्रत्येकाला स्वतःची वेळ मिळते. एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांच्या मागून चालत येतो, त्यामुळे भाग घेणाऱ्यांपैकी कोणीही शेवटचा ठरत नाही. ही कल्पना मला फार आवडते, आणि आपल्या शाळांना ती फुकटात उचलता येईल.

शिक्षक विचारतील, दीडशे मुलांच्या वेळा एका घड्याळावर कशा घ्यायच्या? पार्करनची युक्ती वापरा. अंतिम रेषेवर एकाने घड्याळ धरून प्रत्येक जण रेषा ओलांडताच फक्त वेळ सांगायची. दुसऱ्याने वहीत १, २, ३ अशा क्रमाने ती लिहायची. नावे विचारत बसायचे नाही. रेषेनंतर मुलांना दोऱ्यांमधून एका रांगेत, एकमेकांना न ओलांडता चालवायचे आणि तिसऱ्याने त्याच क्रमाने आकडे घातलेले बिल्ले हाती द्यायचे. बुशी पार्कमध्ये सुरुवातीला हे बिल्ले म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर होते. पुढे टेबलाशी मूल बिल्ला परत करते आणि आपले नाव सांगते. बिल्ल्याचा आकडा आणि वहीतला आकडा जुळवला की वेळ मिळाली. चार जणांचे काम, खर्च वॉशरचा. वहीच्या पहिल्या ओळीत तारीख, सुटण्याची वेळ आणि हवेचे तापमान लिहा, आणि सहा आठवड्यांनी त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, तीच मुले पुन्हा पळवा.